शाळेला लागून घर

अमरावती, फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १७८५

तीर्थरूप मामाजी,

भगवंताचा दंडवत. मळा सोडल्यापासून तुम्ही माझं नाव तोंडातून काढत नाही, असं नत्थुजी गाडीवाला सांगत होता. म्हणून ते इथं वरच लिहून टाकलं. हे पत्र तुम्हाला पंतोजी वाचून दाखवतील. पंतोजी, तुम्हालाही नमस्कार. अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत, तेव्हा नावं ठेवायची तर जपून ठेवा.

मामाजी, मी खुशाल आहे. राहायची सोय उत्तम आहे. वखारीत कापूस पारखायचं काम पक्कं झालं. खेड्यापाड्यांतून गाड्या येतात, मी गाडीवर चढतो, हात कोपरापर्यंत आत खुपसतो आणि मधला मूठभर कापूस ओढून काढतो. त्याला वानगी म्हणतात. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढराशुभ्र असतो. आत कोणी पाणी मारलेलं असतं, कोणी माती मिसळलेली. शेठजींनी विचारलं, तू माळ्याच्या घरातला, तुला कापसातलं पाणी बरं कळतं? मी पुढच्या गाडीवर चढलो. तेल्हाऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला मला कोणी शिकवलं, हे आपल्या दोघांतच राहू दे. म्हणजे आता तिघांत.

कापसाला असा भाव का आला हे इथं कोणालाच नीट सांगता येत नाही. समुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात भावाभावांत जुंपली आहे आणि तिकडचा कापूस बंद पडला आहे म्हणतात. कोण कुठले भाऊ, त्यांचं भांडण, आणि त्यापायी मी मळा सोडून अमरावतीत येऊन बसलो. विचार करायला लागलो की डोकं भणभणतं.

आता मुद्द्याचं. जयवंताला आणि गोवर्धनला इकडे पाठवा. जयवंता तुमची लेक असली तरी माझी बायको आहे, तिच्याबद्दल तुम्ही आडकाठी करणार नाही. अडतं ते गोवर्धनपाशी. मी शेंदूरजनाघाटाहून तुमच्या मळ्यात आलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. सात वर्षं राबायचं, मग जयवंताशी लग्न, मग घरजावई म्हणून तिथंच राहायचं, आणि पहिला मुलगा मळ्याचा, असं चार माणसांत बोलणं झालं होतं. मी हो म्हणालो होतो. पण तेव्हा गोवर्धन कुठं होता, मामाजी? जन्माला न आलेल्या मुलाबद्दल हो म्हणायला काय लागतं? आता त्याचे पुढचे दात पडले असतील. मी पाहिलेही नाहीत.

मी तुमचा नातू हिरावून घेत नाही. चार अक्षरं शिकला तरी मळ्याचाच राहील. इथं मी चांगली वस्ती आणि चांगली शाळा शोधतो. तुमच्या पसंतीला उतरली तर मुलाला पाठवाल का, एवढं नत्थुजीजवळ सांगा.

तुमचा जावई,
भगवंत


अमरावती, चैत्र वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थरूप मामाजी,

तुमचा निरोप पोचला. नत्थुजीनं बैल सोडायच्या आधीच गाडीवर उभं राहून तुमच्यासारखी मान वाकडी केली आणि म्हणाला, "पुंजाजीनं सांगतलं, वस्ती कोनाची हाये थे पयले बोल. आपल्या माणसाईत राह्यत असशील तं पुढची गोठ. आन् शाळेत पोट्टं शिकून काय करीन? कांद्याले पुसून लावीन काय, कवा उगवतं म्हून?"

कांद्याचं मला सांगता येत नाही. वस्तीचं सांगतो.

तेल्हाऱ्यात मला कोणी विचारलं नव्हतं कुठं राहणार म्हणून. मळा होता, मळ्यात राहिलो. माणूस जिथं जन्मतो किंवा जिथं राबतो तिथं राहतो, एवढंच मला ठाऊक. वस्ती निवडायची असते, हे इथं आल्यावर कळलं, आणि कळल्यापासून सुख नाही. मुनीमजी म्हणतात, परकोटाच्या आतच घर घे, बाहेर चोराचिलटांचं भय. तोलणारा म्हणतो, आत कोंडून मरशील, बाहेर वारा आहे. शेठजी म्हणतात, वखारीजवळ राहा, आग लागली तर धावायला बरा. आता आग लागायचीच असेल तर मी बायकामुलांना घेऊन तिथं कशाला राहू? पण हे शेठजींना कसं म्हणणार?

मग मी माझी रीत लावली. वरचा कापूस बघायचाच नाही. सकाळी सडारांगोळी असते तेव्हा सगळ्या गल्ल्या एकसारख्या गोजिऱ्या. मी भर दुपारी जातो, विहिरीवर गर्दी असते तेव्हा. बुधवाऱ्याच्या वस्तीत पाणी गोड, पण बाया एकमेकींशी बोलत नाहीत, घागर भरली की खाली मान घालून चालू लागतात. भाजीबाजारामागं आपल्या माळ्यांची गल्ली आहे. तिथं बाया कडाकडा भांडतात, पण भांडण संपलं की एक दुसरीची घागर डोक्यावर चढवून देते. यातलं चांगलं कुठलं? मला वाटतं दुसरं. पण जयवंताला भांडण सोसत नाही, म्हणून परत वाटतं पहिलं.

त्या गल्लीत मैनाबाई म्हणून आपल्यातल्याच एक बाई आहेत. नवरा वारल्यापासून अंबादेवीच्या देवळासमोर फुलं विकतात. मी दोनदा जेवायला त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "गल्ली काय पाह्यतं बाबू? गल्ली सारखीच असते. तुही बायको घरात नसली तं तुह्या लेकराले भाकर कोन देईन, थे पाह्य."

हे मला पटलं. पण हे दुपारी उभं राहून कसं पाहायचं?

शाळेचंही तसंच. एका देवळाच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरते. पोरं धूळपाटीवर अक्षरं काढतात आणि पंतोजी डुलक्या काढतात. डोळे मिटलेले असतात, पण कोणाचा पाढा चुकला की छडी बरोबर त्याच्याच पाठीवर पडते. कसं जमतं कोण जाणे. पंतोजी, घसा खाकरू नका, मी तुमच्याबद्दल बोलत नाही. तुम्ही डोळे उघडे ठेवून मारायचात.

सरकारी शाळाही आहे. तिथं अजून आत गेलो नाही. दारापर्यंत गेलो होतो.

आपल्या माणसांची गल्ली दाखवली, मामाजी. आता सांगा.

तुमचा,
भगवंत


अकोला, वैशाख वद्य दशमी, शके १७८६

तीर्थरूप मामाजी,

वरचं गाव वाचून चमकला असाल. मीही रोज सकाळी उठल्यावर चमकतो. शेठजींनी एकाएकी अकोल्याला धाडलं. लोखंडी सडक येते आहे, आगगाडी अकोल्याला आधी लागेल, अमरावतीला तर ती शिवणारच नाही, बडनेऱ्यावरून परस्पर जाईल, असं त्यांना कोणी सांगितलं. म्हणून वखार इकडे घ्यायची. म्हणजे अमरावतीच्या गल्ल्यांतून मी उन्हातान्हात फिरलो ते वाया. की नाही वाया? मी निघताना मुनीमजी कानात म्हणाले, फार सामान नेऊ नकोस.

पण मला एक आनंद झाला तो लपवत नाही. अकोला तेल्हाऱ्यापासून जवळ. गोवर्धन इथं असला तर पोळ्याला, दिवाळीला, सुगीला तुमच्याकडे येईल. बैल त्याच्या हातून धुवून घ्या. पाणीही आपल्या तेल्हाऱ्यासारखंच खारट. मी पहिला घोट घेतला आणि घरी आल्यासारखं वाटलं. अमरावतीच्या गोड पाण्यानं तहानच भागत नव्हती. डाळ मात्र तिथं चटकन शिजते आणि इथं चुलीवर रुसून बसते. जयवंताच्या बाजूनं बघितलं तर अमरावती, तुमच्या बाजूनं बघितलं तर अकोला. माझ्या बाजूनं बघायला मला वेळच झाला नाही.

घर जुन्या गावात किल्ल्याच्या अंगाला मिळतं आहे. आपली माणसं आहेत. शाळा नदीपलीकडे ताजनापेठेत. आता मोर्णेत वाळू आहे, कोणीही चालत जाईल. पण आषाढात काय? मी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, पूर आला की मुलं शाळेत कशी जातात? तो म्हणाला, "जात नाई. म्हूनच तं पूर येते." आणि खूप हसला. मी हसलो नाही. गोवर्धनला पोहता येतं का हो? विहिरीच्या काठावर बसून तो पाय सोडायचा एवढं मला आठवतं.

नत्थुजी परवा इथंच भेटला. तुमचा दुसरा निरोप त्यानं दिला. "आपल्या माणसाईत घर भेटलं तं भेटलं. पन मास्तर पोट्ट्याले मारीन तं? आन् कापूस येचाले, कांदा काढाले सुट्टी देते काय?"

मामाजी, मी एक दाखवतो तर तुम्ही दुसरं विचारता. दुसरं दाखवलं की तिसरं. रागावून म्हणत नाही. प्रश्न बरोबरच असतात. माझाच गोंधळ होतो की आता शेवटचा प्रश्न कोणता, आणि तो झाला की तुम्ही गाडी जुंपणार का?

नत्थुजी निघताना मी विचारलं, जयवंतानं वेगळं काही सांगितलं का? तो म्हणाला, "बाईनं गाडीपाशी येऊन येवढंच पुसलं, थे जेवते कुठी?" सांगा तिला, उत्तम जेवतो.

तुमचा,
भगवंत


अमरावती, श्रावण शुद्ध अष्टमी, शके १७८६

तीर्थरूप मामाजी,

परत अमरावती. हसू नका. लोखंडी सडकेला उशीर आहे असं आता शेठजींना दुसऱ्या कोणी सांगितलं. मुनीमजींनी मला बघून फक्त मान हलवली. अकोल्याचं घर सोडलं, खरं म्हणजे घेतलंच नव्हतं, पण मनानं मी तिथं चूल मांडली होती.

तुमच्या प्रश्नासाठी मी शेवटी सरकारी शाळेत आत गेलो. मास्तर पुण्याकडचे, तरुण आहेत. मी विचारलं, "पोट्ट्याईले मारता काय?" त्यांना वाटलं मी भांडायलाच आलो. उठून उभे राहिले. मग मी सावकाश पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "क्वचित." क्वचित म्हणजे किती हे विचारायचा धीर झाला नाही. सुगीला सुट्टी देतात, ती सगळेच बाप मागतात, असं म्हणाले.

भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र टांगलं होतं. मास्तर म्हणाले, हा हिंदुस्थान. मी म्हटलं, तेल्हारा दाखवा. त्यांनी वेतानं आधी वऱ्हाड दाखवलं आणि मग बोट ठेवलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. "इथेच कुठेतरी," म्हणाले. आपला मळा, विहीर, तुम्ही, जयवंता, गोवर्धन, सगळे त्या एका बोटाखाली झाकून गेले. मुलानं हे शिकावं की शिकू नये, मला कळेना. पण मी घरी येईपर्यंत तेच डोळ्यांसमोर होतं.

मास्तरांचं ऐकून भागत नाही, तो वरचा कापूस. म्हणून शाळा सुटल्यावर मधल्या रांगेतला एक मुलगा धरला. हुशार नाही, मठ्ठ नाही, असा मधला. त्याला म्हटलं, खरं सांग, कशी आहे शाळा? तो म्हणाला, "मास्तर सांगते थे मले समजते. मी घरी सांगतो थे बाबाले समजत नाई." आणि पळून गेला.

आता ही शाळा चांगली म्हणायची का? मी चार दिवस विचार करतो आहे. गोवर्धन मला काही सांगतो आहे आणि मला समजत नाही, असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. वाईट वाटलं. मग वाटलं, सांगायला तो जवळ तरी असेल.

थोडी कणकण आली होती, आता ठीक आहे. पावसानं उघडीप दिली तेव्हा नत्थुजी मिठासाठी आला होता, तो वखारीत डोकावून गेला. त्यानं काही सांगितलं तर मनावर घेऊ नका. त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे. वखारीत मी सहज पडलो होतो. कापसाच्या गाठींवर ऊब असते, म्हणून.

तुमचा,
भगवंत


अमरावती, भाद्रपद वद्य द्वितीया, शके १७८६

तीर्थरूप मामाजी,

नत्थुजीच्या पुतण्यानं निरोप आणला आणि मी त्याच्याकडून तो तीनदा वदवून घेतला. "दसऱ्याले गाडी पाठवून रायलो. घर पाहून ठेव." बस एवढंच? त्याला म्हटलं, आठव, आणखी काही विचारलं असेल. वस्ती? विहीर? छडी? तो म्हणाला, "नाई बाप्पा, येवढंच."

तुम्ही काहीच विचारलं नाहीत याची मला सवय नाही. रात्रभर कूस बदलत राहिलो. मग वाटलं, मी सांगितलेलं सगळं तुमच्या मनाला पटलं. तुम्ही हट्टी आहात, पण एकदा पटलं की मागं वळून बघत नाही, हे मी मळ्यात राहून पाहिलं आहे. मामाजी, तुमचे उपकार कसे फेडू? शाई वाळायच्या आधीच पुढची ओळ लिहितो आहे. पंतोजी म्हणतील अक्षर बिघडलं, तर म्हणू देत.

मग घर घेतलं. आपल्या माळ्यांच्या गल्लीच्या अगदी टोकाला, सरकारी शाळेला लागून. मधे एकच भिंत. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं एवढंसं परसू. त्यात जयवंताला वांगी-मिरच्या लावता येतील. विहीर गोड. मैनाबाई चार घरं सोडून. हेच का घेतलं, बुधवाऱ्यातलं का नाही, अकोल्यासाठी आणखी का थांबलो नाही, असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. तिथं उभा होतो, पलीकडून मुलं पाढे म्हणत होती, आणि मी मालकाला हो म्हणून बसलो. मास्तरांना सांगितलं, दसऱ्याला पाटीपूजन करून मुलाला बसवतो. ते म्हणाले, इतक्या जवळून येणारा हा पहिलाच, याला उशिराची सबब नाही.

दगडी पाटी आणली आहे. ओटा सारवून घेतला. मैनाबाई म्हणाल्या, "आता तुह्या तोंडावर रंग आला रे." गोवर्धनला सांगा, वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबेल तेव्हा उन्हात उतरू नको म्हणावं.

तुमचा,
भगवंत


अमरावती, आश्विन शुद्ध एकादशी, शके १७८६

मामाजी,

गाडी नवमीला दिवेलागणीच्या आत आली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. जयवंता उतरली. तिनं पदर सावरला, घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, हा झोपला वाटतं. गाडीत गवत होतं, गवतावर गोधडी होती. मी गोधडीखाली हात घातला. कोपरापर्यंत घातला. आत तुमच्या मळ्यातले कांदे होते, आणि भोपळे.

नत्थुजी बैलांच्या खुरांकडे बघत होता. मी म्हटलं, नत्थुजी, पोरगा कुठं आहे? त्यानं या खेपेला तुमच्यासारखी मान वाकडी केली नाही. साध्या आवाजात म्हणाला, "पुंजाजी म्हने, सात वर्सं राबला थ्या बदल्यात लेक देल्ली होती. थे तुही हाये, धाडली. पोट्टं मळ्याचं."

मामाजी, मग तुम्ही मला वस्ती का विचारलीत? छडी का विचारलीत? नाहीच म्हणायचं होतं तर पहिल्याच खेपेला म्हणायचं. मी मोर्णेच्या वाळवंटात उभा राहून पुराचा हिशेब करत होतो. मला तुमचा राग आला आहे. हे पंतोजींनी मोठ्यानं वाचावं.

मी तशीच गाडी उलटी फिरवायला निघालो होतो. जयवंतानं जू धरलं. ती म्हणाली, "जाऊ नोका. तो आला नसता. बाबाच्या मांगंमांगं मोटेवर असते दिवसभर. निगाले तवा बी मोटेवरच होता. थ्यानं हात केला मले."

मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, तू त्याला टाकून कशी आलीस? गल्लीतल्या बाया दारात आल्या. जयवंता आवाज न चढवता म्हणाली, "नत्थुजीनं सांगतलं, तुमी तापानं फणफणून कापसाच्या गाठीत पडले होते, आन् पानी द्याले कोनी नोहतं. मले लय दिवस झोप नाई लागली. बाबा म्हने, तुले जाचं असन तं जाय, पोट्टं ठेव. मंग म्या इचार केला. पोट्ट्याले आजा हाये. तुमाले कोन हाये?"

मी बैल सोडले. मी शाळा शोधत होतो, वस्ती शोधत होतो, आणि ठरलं ते माझ्या तापावर. मी तो तुमच्यापासून लपवला होता. नत्थुजीनं तिखटमीठ लावलं नव्हतं, हेही आता सांगून टाकतो. माझी सोय उत्तम नव्हती. घर घेईपर्यंत मी वखारीतच राहत होतो.

काल दसरा झाला. पलीकडे मुलांनी पाटीपूजन केलं, गलका झाला. मास्तर येऊन विचारून गेले, मुलगा कुठं आहे? मी म्हटलं, इथेच कुठेतरी.

भगवंत


अमरावती, कार्तिक वद्य चतुर्थी, शके १७८६

तीर्थरूप मामाजी,

नत्थुजीनं सांगितलं, गोवर्धन बरा आहे, एकटा मोट हाकतो, तुमच्याजवळ झोपतो. त्यानं आईसाठी चिंचा पाठवल्या त्या मिळाल्या. तुमचा गुडघा दुखतो असंही कळलं. जयवंता म्हणते, रुईचं पान गरम करून बांधा. माझा राग आहे तसाच आहे, पण पान बांधा.

जयवंतानं घर नीट लावलं आहे. डाळ शिजते. बायांशी तिचं भांडण झालं नाही, उलट त्याच येऊन बसतात. वस्ती चांगली निघाली, मी दुपारी उभं राहून पाहिली त्याहून चांगली. एका बाईनं विचारलं, मूलबाळ? जयवंता म्हणाली, "एक हाये, आज्याकडे." आणि आत निघून गेली.

अडचण एकच आहे. सकाळी चूल पेटवायच्या वेळेला भिंतीपलीकडे पाढे सुरू होतात. मुलं एका सुरात म्हणतात, मधे एखादा चुकतो, मास्तर थांबवतात, परत पहिल्यापासून. जयवंता भाकरी थापता थापता थांबते. हात पिठात तसेच राहतात. पहिले काही दिवस मला वाटलं सवय होईल. परवा भाकरी करपली. तिनं ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "सतरा पंचे किती?" मी सांगितलं. ती म्हणाली, "गोवर्धनले येत असन काय?" मग पीठ तसंच ठेवून परसात जाऊन बसली. दुपारी मला म्हणाली, "मले इथी नाई राहनं."

मास्तरांना भिंत उंच करायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, आवाजाला भिंतीचं काय?

मामाजी, मुलगा द्या असं मी आता मागत नाही. मागायचं कसं तेच कळेनासं झालं आहे. तुम्ही त्याला पंतोजींकडे तरी बसवा. त्यांचा अमावस्या-पौर्णिमेचा शिधा मी इथून पाठवीन. पंतोजी, एवढं मनावर घ्या.

आणि मी पुन्हा घर शोधतो आहे. लोक विचारतात, कसं हवं? मी म्हणतो, पाणी कसंही चालेल, शेजार कसाही चालेल, फक्त शाळा ऐकू यायला नको. त्यांना वाटतं माझं डोकं फिरलं. काल सकाळी, पाढ्यांच्या वेळेलाच, परकोटाच्या कडेला एक गल्ली बघितली. तिथं बराच वेळ उभा राहिलो. एक कुत्रं भुंकलं, कोणीतरी लाकडं फोडत होतं, आणि काही नाही. उद्या जयवंताला दाखवायला नेतो.

तुमचा जावई,
भगवंत